झाडाच्या पेशीतली वीज: बटण दाबतं कोण?

२०२१ च्या जानेवारीत सिंगापूरच्या नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट करून दाखवली. व्हीनस फ्लायट्रॅप हे किडे खाणारं झाड तुम्ही व्हिडिओत तरी पाहिलं असेलच. त्याच्या पानावर त्यांनी एक छोटा इलेक्ट्रोड चिकटवला आणि स्मार्टफोनवरून सिग्नल पाठवला. पान मिटलं! किडा नाही, स्पर्श नाही, फक्त विजेचा हलकासा झटका. पुढे तेच पान यंत्राच्या हातावर बसवून त्यांनी त्याचा चिमटा केला आणि अर्धा मिलिमीटर जाडीची तार उचलून दाखवली.

"म्हणजे झाडात करंट असतो का?" हा प्रश्न अशा व्हिडिओंखाली हमखास दिसतो. उत्तर सोपं आहे: असतो. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. जंगलात, शेतात, कुंडीत फोन नसतो. मग तिथे हे बटण दाबतं कोण? कधी स्पर्श, कधी प्रकाश, आणि फार वेळा एखादं रसायन. पाणी कमी पडलं, अळीनं पान कुरतडलं, की झाडात विशिष्ट रेणू तयार होतात किंवा सांडतात. ते पेशीच्या दारावर जाऊन विजेची स्थिती बदलतात. या लेखात आपण तेच समजून घेऊ.

आधी बॅटरी समजून घ्या

झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. या पडद्यात प्रथिनांचे पंप बसवलेले असतात. हे पंप पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, जाळून धन प्रभार असलेले हायड्रोजनचे कण (प्रोटॉन) सतत बाहेर फेकत राहतात. धन प्रभार बाहेर गेला की आतली बाजू ऋण होते. हा फरक साधारण १२० ते १८० मिलिव्होल्ट इतका असतो. आपल्या मेंदूतल्या पेशीत तो ७० च्या आसपास असतो. म्हणजे या बाबतीत पालक-मेथी आपल्यापुढे आहे!

फोनच्या बॅटरीचे ३.७ व्होल्ट धरले तर १५० मिलिव्होल्ट हा जेमतेम पंचविसावा हिस्सा. किरकोळ वाटतं ना? पण पडदा किती पातळ आहे ते बघा: सुमारे ८ नॅनोमीटर. एवढ्याशा अंतरात १५० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरमागे जवळपास २ कोटी व्होल्टचा ताण. हवेत साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरलाच ठिणगी पडते.

या पडद्यात पंपाशिवाय दारंही असतात, शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनल म्हणतात. एक दार फक्त पोटॅशियमला सोडतं, एक क्लोराइडसारख्या ऋण आयनांना, एक कॅल्शियमला. दारं बंद असतात तोवर चार्ज टिकून राहतो. एखादं दार उघडलं की आयन धावतात आणि व्होल्टेज बदलतं. झाडातला विजेचा सिग्नल म्हणजे एवढंच: कुठलं दार, कधी, किती वेळ उघडलं.

आपल्या मज्जातंतूत सिग्नल सुरू होतो तो सोडियम आत घुसल्यामुळे. झाडाची पद्धत वेगळी आहे. तिथे आधी पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, त्यामुळे क्लोराइडचं दार उघडतं आणि क्लोराइड बाहेर पळतं. ऋण प्रभार बाहेर गेल्यामुळे आतलं ऋणपण कमी होतं. परिणाम तोच, पण वेग फार कमी. आपल्या सगळ्यात जलद मज्जातंतूंमध्ये सिग्नल सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो, झाडात सेकंदाला काही सेंटिमीटर म्हणजे खूप झालं.

तहानलेलं पान: रसायन आणि व्होल्टेजची जुगलबंदी

रसायन विजेवर कसा ताबा ठेवतं, याचं सगळ्यात नीट उलगडलेलं उदाहरण पानाच्या पाठीवर सापडतं. तिथे पर्णरंध्रं असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी, ओठांसारख्या. त्या पाण्यानं फुगल्या की छिद्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. उघड्या छिद्रातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाणीही उडून जातं. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त पाणी असंच वाफ होऊन जातं. त्यामुळे छिद्र केव्हा मिटायचं, हा झाडासाठी जगण्या-मरण्याचा निर्णय असतो.

पाणी कमी पडायला लागलं की झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार करतं. त्याला थोडक्यात एबीए म्हणू. (नाव थोडं फसवं आहे. 'अ‍ॅब्सिशन' म्हणजे पान किंवा फळ गळून पडणं. १९६० च्या दशकात कापसाची बोंडं का गळतात याचा शोध घेताना हा पदार्थ हाती लागला, म्हणून हे नाव चिकटलं. पण त्याचं मोठं काम गळतीपेक्षा पाणीटंचाईचं आहे.)

एबीए रक्षक पेशीत पोचतं तेव्हा काय होतं? ते थेट दार उघडत नाही. आधी ते एका ग्राही प्रथिनाला चिकटतं. हे ग्राही नेमकं कोणतं, हे २००९ मध्ये कळलं, आणि तेही दोन वेगवेगळ्या गटांना जवळपास एकाच वेळी. पेशीत एक एन्झाइम असतं, जे दार उघडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमला कायम दाबून ठेवतं. एबीए चिकटलेलं ग्राही या दाबून ठेवणाऱ्यालाच धरून ठेवतं. ब्रेक काढला की गाडी चालते, तसं दार उघडणारं एन्झाइम मोकळं होतं आणि ऋण आयनांच्या दाराला फॉस्फेट चिकटवतं. दार उघडतं. क्लोराइड आणि त्याच्यासोबत मॅलेट बाहेर जायला लागतं.

आता इथे लक्ष द्या, कारण सगळी गंमत पुढच्या पायरीत आहे. पेशी सैल पडायची तर तिच्यातला पोटॅशियम मोठ्या प्रमाणात बाहेर जायला हवा. पण पोटॅशियम धन आहे आणि पेशी आतून ऋण. ऋण बाजू धन आयनाला ओढून धरते. जोपर्यंत आत भरपूर ऋण प्रभार आहे तोपर्यंत पोटॅशियम हलणार नाही. क्लोराइड बाहेर गेल्यामुळे आतलं ऋणपण उतरतं, आणि ठरावीक पातळीपर्यंत उतरलं की पोटॅशियमचं बाहेर जाणारं दार आपोआप उघडतं. या दाराला एबीए दिसतही नाही, ते फक्त व्होल्टेज ओळखतं. पोटॅशियम बाहेर, त्याच्या मागोमाग पाणी बाहेर, पेशी सैल, छिद्र बंद. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

सकाळी नेमकं उलटं घडतं. उजेडातला निळा प्रकाश प्रोटॉन पंपाचा जोर वाढवतो, पेशी आतून आणखी ऋण होते, मग पोटॅशियमचं आत येणारं दार उघडतं आणि पेशी फुगते. पोटॅशियम तोच, पेशी तीच. आत यायचं की बाहेर जायचं हे व्होल्टेज ठरवतं, आणि व्होल्टेज कुठे न्यायचं हे प्रकाश आणि एबीए ठरवतात.

"सिग्नल रासायनिक की विद्युत?" असा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला हे उदाहरण आठवतं. इथे दोघांना वेगळं काढताच येत नाही. रसायन पहिलं दार उघडतं, पुढचं काम वीज करते.

गॅबा नावाचा आणखी एक रेणू इथे लुडबुड करतो. माणसाच्या मेंदूत तो पेशींना शांत करणारा म्हणून ओळखला जातो. झाडात तो ऋण आयनांच्या एका वेगळ्या जातीच्या दारांना आवरतो. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या गटानं २०१५ मध्ये हे दाखवलं.

शेतीच्या दृष्टीनं यात काय आहे? एबीएसारखंच काम करणारं पण बाहेरून फवारता येणारं औषध बनवायचे प्रयत्न सुरू आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटानं २०१९ मध्ये ओपाबॅक्टिन नावाचा असा रेणू जाहीर केला. कल्पना चांगली आहे: पाऊस लांबला की फवारा, पानांचं पाणी वाचवा. पण छिद्र मिटलं की कार्बन डायऑक्साइडही बंद, म्हणजे वाढ थांबली. त्यामुळे 'एकदा फवारा आणि दुष्काळ विसरा' असं कोणी सांगत असेल तर सावध राहा. मिळतो तो थोडा वेळ, जादा पीक नाही.

शंभर वर्षांचा वाद: वीज धावते की रस?

झाडातली वीज पहिल्यांदा नीट मोजली गेली १८७३ मध्ये. चार्ल्स डार्विनच्या सांगण्यावरून लंडनच्या जॉन बर्डन-सँडरसन यांनी व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानावर ती नोंदवली. त्यानंतर या विषयात सगळ्यात चिकाटीनं काम केलं ते आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी. लाजाळूचं पान किती वेळानं मिटतं हे सेकंदाच्या बारीक हिश्श्यात नोंदवणारी यंत्रं त्यांनी स्वतः बनवली, १९१७ मध्ये कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. झाडात मज्जातंतूसारखा विजेचा सिग्नल जिवंत पेशींमधून धावतो, हे त्यांचं म्हणणं.

१९१६ मध्ये इटलीच्या उबाल्डो रिक्का यांनी मात्र एक अडचणीचा प्रयोग केला. त्यांनी लाजाळूच्या जातीतल्या एका झाडाची फांदी कापली आणि दोन तुकडे पाण्यानं भरलेल्या नळीनं जोडले. मध्ये जिवंत पेशी नाहीत, फक्त पाणी. तरी एका बाजूला जखम केली की दुसऱ्या बाजूची पानं मिटली! म्हणजे जखमेतून काहीतरी पाण्यात उतरत होतं आणि पलीकडे जाऊन काम करत होतं. या अज्ञात पदार्थाला पुढे 'रिक्का फॅक्टर' असं नाव पडलं. बोस यांना हे पटलं नाही.

पुढची कित्येक दशकं हा गुंता सुटला नाही. सुटायला लागला तो अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपामुळे, प्रयोगशाळांचं ते लाडकं झाड आहे.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात एडवर्ड फार्मर यांच्या गटानं पानांवर इलेक्ट्रोड लावून अळी सोडली. अळी नुसती चालत होती तोवर काही नाही. ती खायला लागली तेव्हा मात्र विजेचा सिग्नल उमटला आणि न खाल्लेल्या पानांपर्यंत पोचला. तिथे जॅस्मोनिक आम्ल, म्हणजे झाडाचं संरक्षणाचं संप्रेरक, तयार व्हायला लागलं. हे काम २०१३ मध्ये छापून आलं. त्यातली खरी बातमी अशी की हा सिग्नल काही विशिष्ट जनुकं बंद केल्यावर कमजोर पडत होता, आणि ती जनुकं होती ग्लुटामेट ग्राहींची. आपल्या मेंदूत दोन पेशींमधला निरोप पोचवणारे ग्राही याच घराण्यातले!

ग्लुटामेट तुमच्या ओळखीचं आहे. चायनीजच्या गाडीवर कढईत पडणारं अजिनोमोटो म्हणजे त्याचंच सोडियमचं मीठ. झाडाच्या पेशीत ते भरपूर असतं, पण आत. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं. शेजारच्या पेशीसाठी बाहेर अचानक वाढलेलं ग्लुटामेट म्हणजे 'इथे तोडफोड झाली' अशी खबर.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांनी हे डोळ्यांना दिसेल असं केलं. कॅल्शियम वाढलं की हिरवं चमकणारं एक प्रथिन त्यांनी रोपात घातलं. अळीनं पान तोडलं की तिथून प्रकाशाची लाट निघते आणि देठातून, शिरांमधून साधारण सेकंदाला १ मिलिमीटर वेगानं दुसऱ्या पानांत शिरते. अळी नको, पानाच्या जखमेवर नुसतं ग्लुटामेटचं द्रावण टाकलं तरी लाट निघते. आणि ग्लुटामेटच्या दोन ग्राहींची जनुकं बंद केलेल्या रोपात ती लाट दूरच्या पानांपर्यंत पोचतच नाही. हे व्हिडिओ नेटवर आहेत. एकदा जरूर बघा, वाचून ते कळत नाही.

आणि रिक्का फॅक्टर? २०२३ मध्ये फार्मर यांच्याच गटानं अ‍ॅराबिडॉप्सिसमधला रिक्का फॅक्टर ओळखला. मोहरी वाटली की नाकात झणका जातो, तो ज्या एन्झाइममुळे तयार होतो त्याच जातीची ती दोन एन्झाइमं निघाली. अख्ख्या पानात हे एन्झाइम आणि त्याचा कच्चा माल वेगवेगळ्या जागी बंद असतात. अळीनं चावलं की ही एन्झाइमं सुटतात आणि जलवाहिन्यांमधल्या पाण्याबरोबर दूर जातात. तिथे ती कच्च्या मालातून थोडाच वेळ टिकणारे रेणू सोडतात, आणि त्यांच्यामुळे पेशींचं व्होल्टेज घसरतं, कॅल्शियम वाढतं. दोन्ही एन्झाइमं नसलेल्या रोपात दूरच्या पानातला विजेचा सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. लाजाळू मोहरीच्या कुळातली नसल्यामुळे तिचा निरोप्या वेगळा. पण पाण्यातून रसायन जातं आणि पलीकडे वीज पेटवतं, हे रिक्का यांचं म्हणणं शंभर वर्षांनी रेणूच्या नावासकट उभं राहिलं. बोस यांची जिवंत पेशींमधून धावणारी वीजही खोटी ठरली नाही. फ्लायट्रॅपमध्ये आणि नुसत्या स्पर्शानं मिटणाऱ्या लाजाळूत तीच काम करते.

फ्लायट्रॅपमध्ये तर गाडी उलट्या दिशेनंही जाते, विजेकडून रसायनाकडे. पानावरच्या केसाला एक स्पर्श झाला तर पान मिटत नाही. साधारण ३० सेकंदांच्या आत दुसरा झाला तरच मिटतं. आत सापडलेला किडा धडपडतो, केसांना धक्के बसत राहतात, प्रत्येक धक्क्याला एक विजेचा स्पाइक. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं की स्पाइक पाचच्या आसपास गेले की पचनाचे रस बनवायची तयारी सुरू होते, आणि त्यासाठी जॅस्मोनिक आम्लाचीच साखळी वापरली जाते.

मग झाडांना दुखतं का? आणि ती 'झाडांचं संगीत' वाली मशीन?

ग्लुटामेट, गॅबा, विजेचे स्पाइक अशी यादी वाचली की कोणालाही वाटेल, झाडाला मेंदू आहे. त्यात भर म्हणजे ईथरच्या वाफेत ठेवलेली लाजाळू मिटायची थांबते, हे क्लॉड बर्नार्ड यांनी १९ व्या शतकातच पाहिलं होतं. २०१८ मध्ये बॉनच्या संशोधकांनी दाखवलं की ईथरमध्ये फ्लायट्रॅपचे विजेचे स्पाइकच बंद पडतात. पण भूल देणारं रसायन पेशीपटलावर आणि त्यातल्या दारांवर काम करतं, एवढंच यातून सिद्ध होतं. दुखणं जाणवायला सिग्नल एकत्र करून त्याचा अर्थ लावणारी यंत्रणा लागते, आणि झाडात तशी कुठलीही रचना सापडलेली नाही. २००७ मध्ये ३६ वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक पत्रच छापलं होतं, 'वनस्पतींचं न्यूरोबायॉलॉजी' असले शब्द वापरू नका म्हणून. माझं मत त्यांच्या बाजूनं झुकतं. रेणू सारखे आहेत कारण ते जुने आणि उपयोगी आहेत.

संगीताच्या मशीनबद्दल तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. ती पानाला दोन क्लिप लावून विजेच्या रोधात होणारा बदल मोजतात आणि तो आकडा सुरात बदलतात. पानावरचा ओलावा, क्लिप किती घट्ट आहे, तुमचा हात किती जवळ आहे, यानंही तो आकडा हलतो. सूर कुठला लावायचा, पियानो की बासरी, हे सॉफ्टवेअर ठरवतं. ऐकायला छान वाटत असेल तर ऐका, पण झाड तुम्हाला काही सांगतंय म्हणून पैसे मोजू नका.

फोन घ्या आणि लाजाळूपाशी बसा

खरं काही बघायचं असेल तर त्याला मशीन लागत नाही. लाजाळू आपल्याकडे कोकणात रस्त्याकडेला मिळते, नर्सरीतही असते. सकाळी शूट करा, कारण संध्याकाळी ती तशीही मिटते. पानाशेजारी एक पट्टी ठेवा, फोन स्थिर ठेवा, आणि फक्त टोकाच्या पर्णिकांना हलकेच स्पर्श करा. पर्णिकांच्या जोड्या एकामागून एक मिटत जातील. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा, त्याला ३० नं भागा, आणि पट्टीवरचं अंतर त्या सेकंदांनी भागा. वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास आला तर सिग्नल तुम्ही बरोबर पकडलात.

पर्णिकेच्या बुडाशी बारीक फुगीर गाठ दिसेल. सिग्नल तिथे पोचला की एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, मागून पाणी, आणि ती बाजू सैल पडते. रक्षक पेशीत जे मिनिटांमध्ये होतं तेच इथे सेकंदात.

पंधरा-वीस मिनिटांत पान पुन्हा उघडेल. मग दुसरा टेक: टोकाची एकच पर्णिका कात्रीनं कापा आणि कॅमेरा या वेळी अख्ख्या फांदीवर ठेवा. हलक्या स्पर्शाचा सिग्नल सहसा त्याच पानापुरता राहतो. जखमेचा सिग्नल पुढे जातो, देठ खाली झुकतो आणि कधी कधी शेजारचं पानही मिटतं, थोडं उशिरानं. त्या उशिरासकट ते रेकॉर्ड करा. रिक्का त्या उशिराच्याच मागे लागले होते.